अलाऊ दाबायच्या आधी मराठीत वाचू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बेळगावात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, सतरा-अठरा वर्षं झाली. स्क्रीन बदलणं, चार्जिंगची पिन, बॅटरी, पाण्यात पडलेले फोन, दिवसभर हेच. पेपरात पत्र कधी लिहिलं नाही, पण गेल्या पावसाळ्यात एक मुलगी दुकानात आली आणि तेव्हापासून ती गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. लांबलं तर कापा पण छापा.

उचगावकडच्या एका खेड्यातली मुलगी, डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला, रोज बसनं बेळगावला येणारी. "काका, बॅटरी टिकतच नाही, बघा की जरा" म्हणाली. असा फोन आला की कुठलं ॲप किती बॅटरी खातंय ते मी आधी बघतो. मॅप्स वरच्या नंबरात होतं. म्हटलं, मॅप्स एवढं कशाला लागतं गं तुला? तर म्हणाली मी ते उघडतच नाही. मी उघडलं, वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर दाबून लोकेशन शेअरिंगमध्ये गेलो, तिथं एका मुलाचं नाव होतं आणि खाली लिहिलेलं की तुम्ही बंद करेपर्यंत शेअर होत राहील.

ती स्टुलावर बसलीच. थोड्या वेळानं सगळं बाहेर आलं. हा मुलगा ओळखीतलाच, चारेक महिन्यांपूर्वी फोटो पाठवून घेतो म्हणून हिचा फोन दोन मिनिटं हातात घेतलेला. त्यानंतर तो बरोब्बर हिच्या बसच्या वेळेला स्टँडवर, लायब्ररीच्या दारात, एकदा तर मामाच्या गावच्या जत्रेतसुद्धा उभा. हिला वाटलं मैत्रीणच त्याला सांगते. त्या मैत्रिणीशी हिनं दोन महिने बोलणं टाकलं होतं, लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तिचा बिचारीचा काही संबंधच नव्हता.

मी बंद करायला बोट पुढं केलं आणि थांबलो. आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला, तारीख-वेळ दिसेल असा, आणि तिच्या थोरल्या बहिणीच्या फोनवर पाठवायला लावला, कारण एकदा बंद केलं की त्या पानावरचा पुरावा गेला. मग बंद करायचं बटण तिनं स्वतः दाबलं. मेल उघडून बघितलं तर तुमचं लोकेशन अमुक माणसाला दिसतंय अशा आठवणीच्या मेल गूगलकडून येऊन पडल्या होत्या, सगळ्या इंग्रजीत, आणि आपल्याकडं मेल उघडतो कोण? पुढं काय करायचं ते तिच्या घरच्यांनी ठरवलं, ते इथं लिहिणं बरोबर नाही. पण एवढं सांगतो की हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ बाईचा पाठलाग करण्यावर आहे, आणि तिच्या इंटरनेट, मेल, मेसेजवर पाळत ठेवणंही त्यात येतं.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्याच्या पोराला बोलून मोकळं व्हायचा मला अधिकार नाही. नवीन फोन घेतला की लोक सेट करायला माझ्याकडं आणतात, आजी-आजोबा, शेतकरी, भाजीवाल्या मावश्या. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी असतात, त्यामुळं मी नेक्स्ट, अलाऊ, आय ॲग्री असं धडाधड दाबत जायचो, पाच मिनिटांत फोन हातात. किती शेकडो फोन असे केले असतील मोजदाद नाही. ज्या माणसाचा फोन तो बाजूला उभा राहून बघत असायचा, आणि त्याच्या वतीनं सही मी करत होतो. सातबारा असो की बँकेचं कर्ज, कागदावर अंगठा उठवायच्या आधी आपण चारदा विचारतो काय लिहिलंय वाचून दाखवा, आणि इथं आयुष्यभराची ये-जा कुणाला तरी लिहून द्यायची ती मी न विचारता देत होतो.

आमच्या आईचा फोनसुद्धा मीच असा सेट केलेला. दोनेक वर्षांपूर्वी तिच्या फोनवर काहीतरी शोधताना गूगलची टाइमलाइन उघडली गेली. कुठल्या दिवशी कुठं गेली, किती वाजता पोचली, किती वेळ थांबली, चालत की गाडीनं, सगळं ओळीनं मांडलेलं. दर सोमवारी सकाळी कपिलेश्वर मंदिर, मग खडेबाजार, मग घर. आणि मध्येच तीन वेळा एक हॉस्पिटल. आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी विचारलं तर आधी म्हणाली काय बघूलास रे त्यात, मग गप्प बसली, आणि मग म्हणाली, "मी तुम्हाला सांगणारच होते, रिपोर्ट आल्यावर. मला न विचारता त्या फोननं कसं काय लिहून ठेवलं?" रिपोर्ट देवाच्या कृपेनं चांगला आला. पण आपल्या दुखण्याची गोष्ट घरच्यांना कधी सांगायची हे ठरवायचा हक्क तिचा होता आणि तो माझ्या एका अलाऊनं गेला, हे मला अजून लागतं. गूगलनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की टाइमलाइन आता त्यांच्या सर्व्हरऐवजी ज्याच्या त्याच्या फोनमध्येच ठेवणार, ते चांगलंच झालं, पण फोन ज्याच्या हातात पडेल त्याला अजूनही दिसणारच ना.

लोकांना वाटतं लोकेशनचं बटण बंद केलं की संपलं. तसं नाहीये. फोनला आपली जागा तीन-चार वाटांनी कळते आणि त्या वेगवेगळ्या आहेत. पहिली जीपीएस. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना कणकुंबीच्या पुढं रेंज जाते, फोन लागत नाही, तरी आधी डाऊनलोड केलेल्या नकाशावर निळा ठिपका वळणावळणानं चालत राहतो, बघितलं असेल तुम्ही. कारण जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो, वरच्या उपग्रहांचे सिग्नल घेऊन स्वतःची जागा स्वतः काढतो, उपग्रहाला काही परत पाठवत नाही. म्हणजे जीपीएस बिचारं चहाडखोर नाही. ती जागा काढून झाल्यावर फोनमधलं जे ॲप ती नेटवरून बाहेर पाठवतं, खरी गोम तिथं आहे, आणि ते पाठवायची परवानगी आपणच अलाऊ दाबून दिलेली असते.

दुसरी वाट टॉवरची. सीमेवरच्या बाचीतलं एक गिऱ्हाईक आहे माझं, घरात मागच्या खोलीत बसलं की फोन पलीकडं शिनोळीचा टॉवर धरतो आणि महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज येतो, माणूस खाटेवरच आहे. म्हणजे टॉवरवरून कळणारी जागा ढोबळ असते, खेड्यात तर काही किलोमीटर इकडंतिकडं. पण ती वाट बंद करता येत नाही, कारण तुमचा फोन लागायचा तर कंपनीला तुम्ही कुठल्या टॉवरखाली आहात हे माहीत असावंच लागतं. लोकेशन बंद असलं तरी ते कळतं, साध्या बटणाच्या फोनचंसुद्धा कळतं. पोलीस तपासात हेच रेकॉर्ड काढतात.

आणि तिसरी, जी कुणालाच माहीत नसते, वायफायची. गणपत गल्लीतून चालत गेलात तर दोन्ही बाजूच्या दुकानांचे, घरांचे राउटर, म्हणजे वायफायचे डबे, आपापलं नाव हवेत सोडत असतात, फोन ते वाचतो. तुम्ही जोडला नसलात तरी वाचतो. कुठला राउटर कुठं आहे याच्या मोठमोठ्या याद्या गूगल, ॲपलकडं आहेत, त्यावरून इमारतीच्या आतसुद्धा जागा बऱ्यापैकी नेमकी निघते. अँड्रॉइडमध्ये तर वायफाय बंद असतानाही हे स्कॅनिंग चालू ठेवणारी वेगळी सोय आहे, लोकेशन सर्व्हिसेसमध्ये वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग म्हणून दोन बटणं आहेत, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ लोकांनी ती कधी बघितलेली नसतात.

एकजण मला छातीठोक सांगत होता की व्हीपीएन टाकलाय, आता कुणाला काही कळत नाही. व्हीपीएननं तुमचा नेटचा पत्ता झाकला जातो, जीपीएस झाकलं जात नाही. ब्राउझरमधल्या इन्कॉग्निटोचंही तेच, त्यानं फोनमधली हिस्टरी राहत नाही, बस. आणि एक बटण बंद केलं म्हणून निश्चिंत बसायचं नाही हे तर अमेरिकेत सिद्धच झालं, २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं दाखवून दिलं की लोकेशन हिस्टरी (आता तिलाच टाइमलाइन म्हणतात) बंद केली तरी गूगल वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी नावाच्या दुसऱ्याच सेटिंगखाली जागा साठवत होतं. त्यावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलनं तिथल्या ४० राज्यांशी तडजोड करून ३९.१५ कोटी डॉलर भरले. तेव्हा दोन्ही बटणं बघा.

मग लोक विचारतात, बघितलं तर बघू दे, आम्ही काय चोर आहोत का? मी काय लपवतोय? हा प्रश्न मला रोज येतो आणि मला त्याचा राग येत नाही, कारण माणूस खरंच साधेपणानं विचारत असतो. पण जागेवरून माणूस ओळखायला नाव लागत नाही. २०१३ मध्ये एका युरोपियन देशातल्या १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाईल नोंदींचा अभ्यास छापून आला, त्यात असं दिसलं की माणूस कुठं आणि साधारण किती वाजता होता असे फक्त चार ठिपके मिळाले तर १०० पैकी ९५ लोक वेगळे काढता येतात. आमच्या आईचंच बघा, रात्री ज्या घरात, सोमवारी ज्या देवळात, ज्या हॉस्पिटलात, ज्या दुकानात, चार झाले. बेळगावात अशी दुसरी बाई नाही. आणि हे ठिपके विकले जातात. साध्या टॉर्चच्या ॲपनं लोकांची जागा जाहिरातवाल्यांना पाठवली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, २०१३ मध्ये कारवाई केली होती, टॉर्च हो, उजेड पाडायला लोकेशन कशाला लागतं? त्याच कमिशननं जानेवारी २०२४ मध्ये एका डेटा विकणाऱ्या कंपनीला दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा नाजूक जागांचा डेटा विकायला बंदी घातली. म्हणजे तो विकला जात होता म्हणूनच ना.

आपल्या बेळगावला तर हे जास्तच लागू पडतं. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं. जवान लोक माझ्याकडं फोन घेऊन येतात. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या पळण्याच्या ॲपच्या जगाच्या नकाशावर वाळवंटात, जिथं काहीच नसायला पाहिजे तिथं, पळणाऱ्यांच्या चकाकणाऱ्या रेघा दिसल्या आणि त्या लष्करी तळांच्या निघाल्या. कुणी हेरगिरी केली नव्हती, सैनिक सकाळी पळायला जाताना घड्याळ चालू ठेवत होते एवढंच. आपल्याकडं पहाटे पळायला जाणारी भरतीची पोरंसुद्धा तसली ॲप वापरतात, घराच्या दारापासून दारापर्यंत रेघ, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली.

दुकानात मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. महिन्यातून एखादा तरी माणूस येतो आणि आवाज खाली करून म्हणतो, बायकोच्या फोनात काहीतरी टाकून द्या, कुठं जाते कळायला पाहिजे. कधी बाप येतो पोरीचा फोन घेऊन. मी करत नाही. नवरा असला तरी करत नाही. अशांना मी सुप्रीम कोर्टाचं सांगतो. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक, जे आधी आपल्या कर्नाटक हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यांच्या खंडपीठानं निकाल दिला की जामिनावर सुटलेल्या आरोपीला गूगल मॅपचं लोकेशन पोलिसांना देत राहायची अट घालता येणार नाही, त्यानं त्याच्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग होतो. ज्याच्यावर अमली पदार्थांचा खटला आहे त्याला हा हक्क आहे, मग तुमच्या बायकोनं काय केलंय? बरेच जण काही न बोलता फोन उचलून जातात. एकजण मात्र बसला, म्हणाला ती रात्री कारखान्यातून उशिरा येते, काळजी वाटते हो. त्याला म्हटलं मग तिलाच सांग की. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आहे, १५ मिनिटं, एक तास किंवा आठ तास, निघताना तिनं स्वतः पाठवायचं, पोचली की हातानं बंद, नाहीतर वेळ संपली की आपोआप बंद. तसं ते दोघं आता करतात. काळजी आणि पाळत यातला फरक एवढाच, समोरच्याला माहीत आहे की नाही. कॉलेजला जाणाऱ्या लेकीच्या बाबतीत मी आई-बापांना हेच सांगतो, तिला बसवून, दाखवून, विचारून करा. चोरून केलंत तर ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवसापासून ती फोन घरी ठेवून जाईल, आणि खरी अडचण येईल तेव्हा तुम्हाला ती कुठं आहे ते कळणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुद्दाम पत्र लिहायला घेतलं ती. हे सगळं घडतं कारण ॲप परवानगी मागतं ती पाटी आपल्याला वाचताच येत नाही. आपल्या सीमाभागात फोन सेट होतो इंग्रजीत, नाहीतर कन्नडात. माझ्याकडं येणाऱ्या साठीच्या पुढच्या बायका मराठी शाळेत शिकलेल्या, पोथी वाचतात, तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण अलाऊ ऑल द टाइम म्हणजे कायमची परवानगी आणि व्हाइल यूजिंग द ॲप म्हणजे ॲप वापरतानाच, हा फरक त्यांना कोण सांगणार? आपण इथली माणसं सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून किती वर्षं भांडतोय, मोर्चे काढले, निवेदनं दिली, आणि हातातल्या फोनला मात्र कुणी सांगत नाही की बाबा मराठीत बोल. अँड्रॉइडमध्ये मराठी आहे. सेटिंग्जमध्ये भाषा बदलायला अर्धं मिनिट लागतं. आणि एकदा बदलली की तीच पाटी, ॲप वापरत असतानाच, फक्त या वेळेपुरतं, परवानगी नको, अशी मराठीत समोर येते. आईच्या फोनवर केलं तेव्हा ती एकेक ॲप काढून मला विचारत बसली, हे कॅलेंडर मी कुठं आहे ते कशाला विचारतंय? एकादशी आपल्याकडं सगळीकडं एकाच दिवशी असते ना. मला उत्तर देता आलं नाही, तिनं नको दाबलं. संध्याकाळपर्यंत अकरा ॲपांना नको म्हणून झालं होतं आणि फोनचं काही अडलं नाही.

आणि आता तर कायदाच झालाय. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला. त्यात लिहिलंय की तुमची माहिती घ्यायच्या आधी जी सूचना दाखवायची ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय दिलाच पाहिजे. आठव्या परिशिष्टात मराठी आहे. तुम्ही कुठल्या राज्यात राहता याचा त्यात प्रश्नच येत नाही, शिनोळीत राहा की बाचीत, निपाणीत राहा की कोगनोळी नाक्याच्या पलीकडं कागलात. संमती देणं जेवढं सोपं तेवढंच ती मागं घेणंही सोपं पाहिजे, हेही त्यात आहे. १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला, त्यांना हेरून जाहिराती दाखवायला कंपन्यांना मनाई आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि सूचनेचा, संमतीचा आणि मुलांचा भाग लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत दिलीय. तोवर आपण मागायला तर शिकूया. बँकेचं ॲप, दूध संघाचं ॲप, शाळेच्या बसचं ॲप, जिथं तिथं विचारा, मराठी कुठं आहे.

बाकी काय करायचं ते मी गिऱ्हाईकाला सांगतो तसंच सांगतो. नकाशा, रिक्षा-टॅक्सी, जेवण मागवायचं ॲप यांना ॲप वापरतानाच द्या, बाकीच्यांना नको. हवामानाच्या ॲपला अंदाजे जागा पुरते, नेमकी लागत नाही, अँड्रॉइड १२ पासून हा पर्याय आहे, आयफोनमध्ये २०२० पासून. जाहिरातीसाठी फोनला एक आयडी दिलेला असतो, तो अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीत जाऊन डिलीट करता येतो. फोटोत जागा लिहिलेली असते, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते, घराचे, लहान मुलांचे फोटो तसे पाठवू नका. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे ॲप टाकायची फाइल, आली तर उघडू नका, कितीही जवळच्या माणसाकडून आली तरी, तो सबंध फोनच दुसऱ्याच्या ताब्यात देण्याचा धंदा आहे, पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा. आणि लोकेशन कायमचं बंद करून ठेवा असंही मी म्हणत नाही, घाटात गाडी कोसळली, कुणाला ॲटॅक आला, ११२ ला फोन लावला तर आपण कुठं आहोत ते सांगायला तेच लोकेशन कामी येतं.

फोनच्या लॉकचा पॅटर्न मात्र बदला. ती उचगावकडची मुलगी इंग्रजी एल काढायची, माझ्याकडच्या निम्म्या फोनांना तोच पॅटर्न असतो.

आता नवीन फोन आला की मी आधी विचारतो, भाषा कुठली ठेवू, आणि परवानगीची पाटी आली की फोन गिऱ्हाईकाच्या हातात देतो, त्यांनी वाचायचं, त्यांनी दाबायचं. पाच मिनिटांचं काम पंधरा मिनिटांचं झालंय, मागं उभी असलेली माणसं कुरकुरतात, पण काही जण आता पुढं वाकून वाचायला लागलेत. शहरातल्या, खानापूर-निपाणीच्या दुकानदार मित्रांनी पण एवढं करावं असं मनापासून वाटतं. आणि तुम्ही आठवड्यातून एकदा एक छोटा चौकोन छापा, एका सेटिंगचा, स्क्रीनच्या चित्रासकट, मराठीत. मजकूर लागला तर मी लिहून देतो.

ती मुलगी परवा आईला घेऊन आली होती, आईच्या फोनवर मराठी करून घ्यायला. सोबत ती मैत्रीण पण होती.

आपला,
एक मोबाईल दुकानदार, बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती, त्या मुलीची ओळख पटू नये म्हणून.)